गुरुजींचे हलते ओठ

त्या पोळ्याला ती झडती मी म्हटली होती. हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, आणि ज्या दोघांना सांगायलाच हवं होतं त्यांना तर नाहीच. पांढुर्ण्यातली जुनी माणसं ती झडती आजही अक्षर न चुकता म्हणून दाखवतात आणि वर म्हणतात, "गुरुजीची होती बाप्पा. मी तेथीच उभा होतो. डोयानं पाहिलं." मी मान डोलावतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे पोळ्याला बैलांच्या रांगा तोरणाखाली उभ्या राहिल्या की ढोल थांबतात आणि कोणीतरी मोठ्या आवाजात झडती म्हणतो. चार ओळींचं यमक, त्यात गावातल्या एखाद्याची खोड काढलेली, शेवटी सगळ्यांचा 'हर हर महादेव'. सरपंच असो नाहीतर अडत्या, पोळ्याची झडती मनावर घ्यायची नाही, असा रिवाज आहे. पुढं बरीच वर्षं मी स्वतःला हाच रिवाज सांगत राहिलो.

गुरुजी माझे घरमालक. आमच्याच शाळेतून निवृत्त झालेले. मी नवा मास्तर म्हणून पांढुर्ण्यात आलो तेव्हा त्यांच्या घराची पुढची खोली भाड्यानं मिळते असं कळलं. गेलो तर गुरुजी ओट्यावर बसलेले, डोळे मिटलेले. मला वाटलं झोपलेत. मी परत वळलो तसे म्हणाले, "बोला जी. डोये बंद हायेत, कान उघडे हायेत."

मी नाव, गाव, पगार सगळं सांगितलं. त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"आता खोटं बोला एखादं."

"म्हणजे?"

"बोला नं. मोठं नाही, बारीकसं."

मी म्हणालो, मला स्वयंपाक येतो. ते हसले. "खोटं बोलता तवा तुमचा आवाज वरच्या दाताले चिकटते. बरं झालं, माहीत झालं. खोली तुमची." मग कुठं डोळे उघडून त्यांनी माझ्याकडं पाहिलं, तेही बाजारातून आणलेली वस्तू घरी येऊन पाहतात तसं.

माणसाला एकदा ऐकून घ्यावं, मग पाहावं, हा त्यांचा नियम होता. आधी पाहिलं तर चेहरा आवाजाला ऐकूच देत नाही म्हणे. दूधवाल्याला दाराबाहेर उभं करून आधी बोलायला लावायचे, तो बिचारा रोजचाच, तरी रोज म्हणायचा, "मीच आहो गुरुजी, कालचाच." गुरुजी म्हणायचे, "कालचा नाही तू. काल भांडून आला होता, आज नाही."

घरात त्यांच्या बायकोचा फोटो नव्हता. भिंतीवर खिळा होता, त्यावर कॅलेंडर. मी एकदा धीर करून विचारलं.

"लावला होता," ते म्हणाले. "वर्षभरात ती मले फोटोसारखीच दिसाले लागली. चिडलेली दिसेना, भाकर थापतानाची दिसेना. सारी फोटोनं खाऊन टाकली. मंग काढला. पण आता उशीर झाला, आता डोयापुढं फोटोच येते." मग म्हणाले, "आवाज मात्र हाये. 'अवो, दूध उतू गेलं नं!' असं म्हने. त्याले काही नाही झालं."

हे म्हणताना त्यांनी ते वाक्य पुन्हा एकदा, आवाज न काढता, नुसत्या ओठांनी म्हटलं. ही त्यांची खोड होती. काही मनात बसेल असं ऐकलं की त्यांचे ओठ त्याच्या मागोमाग हलायचे. रेडिओवरच्या बातम्या, कीर्तनातली ओवी, पोरांची शिवी, काहीही. ऐकलेलं तोंडात घोळवलं की ते पक्कं होतं, असं ते सांगायचे. ही खोड मी इतकी लांबवून सांगतोय, कारण पुढं सगळं तिच्यावर येऊन पडलं.

समोरच्या घरात काकाजी राहायचे. गुरुजींचे लहानपणापासूनचे मित्र. अख्खी मंडी त्यांना काकाजीच म्हणायची. एका आडतवाल्याकडं संत्र्याच्या लिलावात बोली बोलायचं काम त्यांचं. ढिगाजवळ उभं राहून व्यापाऱ्यांचे भाव मोठ्यानं पुकारायचे आणि सौदा तोडायचा. आवाज असा की तिगावच्या स्टेशनावर गाडी थांबेल.

या दोघांचं एकच भांडण होतं आणि ते रोज दुपारी चालायचं. गुरुजी म्हणायचे, माणसाला ऐकलेलं खरं राहतं. काकाजी म्हणायचे, पाहिलेलं.

"तुहे कान म्हंजे गावचा पाणवठा," काकाजी ओरडायचे, "कोणीबी येऊन घाण करून जाते. डोयानं पाहिलं ते पक्कं. मी एकदा पाहिलेला संत्र्याचा बगिचा जन्मात विसरत नाही."

"विसरत नाहीस, पण रंगवतोस," गुरुजी म्हणायचे. "तुह्या लग्नात तुह्या डोक्यावर फेटा होता म्हनतोस. टोपी होती लेका, टोपी!"

"फेटा होता!"

"तुह्या सासऱ्यानं म्हनलं होतं, 'जावईबापूची टोपी सरळ करा.' मले अजून ऐकू येते."

मला मध्ये ओढायचे. मी काकाजींची बाजू घ्यायचो, कारण वर्गात मला दिसत होतं की फळ्यावर काढलेलं चित्र पोरांच्या ध्यानात राहतं आणि तोंडी सांगितलेलं दाराबाहेर जाईपर्यंत उडतं. गुरुजी म्हणायचे, "राह्यते जी, कबूल. पण पोट्टं घरी जाऊन त्या चित्रात आपले रंग भरते. ऐकलेलं एक तं राह्यते, नाहीतं जाते. मधातलं काही नाही."

निवृत्त झाल्यापासून गुरुजी रोज सकाळी छत्री घेऊन मंडीत जायचे. पावसाळा असो नसो. लिलावाच्या ढिगाच्या पलीकडं, काकाजींच्या बरोबर समोर, छत्री टेकून उभे राहायचे. ना घेणं ना देणं. लोक हसायचे. "मास्तर रिटायर झाला की असाच होते," म्हणायचे.

एका सुटीच्या दिवशी मीही सहज गेलो. व्यापारी ओरडत होते, काकाजी भाव पुकारत होते, गुरुजी पुढं उभे. तेवढ्यात गुरुजींना शिंका सुरू झाल्या. छत्रीच्या मुठीवरची त्यांची बोटं सुटली, आणि त्याच क्षणी काकाजी अडकले. तोंड उघडं, नजर गुरुजींवर. व्यापारी भाव वाढवत होते आणि हे खोकल्याचं सोंग घेऊन उभे. गुरुजींनी नाक पुसलं, मूठ धरली, बोटं हलवली, हनुवटीनं एका व्यापाऱ्याकडं दाखवलं, आणि काकाजींचा आवाज पुन्हा मंडीभर फिरला.

मला सगळं एकदम कळलं. घरी येऊन मी गुरुजींना विचारलं, "काकाजींना ऐकू येत नाही नं?"

त्यांनी हातातला कप खाली ठेवला. "कोणाले बोलले?"

"कोणाला नाही."

"बोलू नका. समोर बसलेल्याचे ओठ वाचून घेते तो, पण मंडीत चारी बाजूनं बोलते, तेथी नाही जमत. बोली हेच त्याचं काम हाये, दुसरं त्याले येत नाही. पोरीचं लगन व्हायचं हाये अजून. आडतवाल्याले माहीत झालं तं दुसऱ्या दिवशी घरी बसवते." मग जवळजवळ विनवल्यासारखे म्हणाले, "तुमी हे नुसतं पाहिलं. विसरता येईन. विसरा जी."

"विसरलो," मी म्हणालो. माझा आवाज कुठं चिकटला ते त्यांनी ऐकलं असणार.

आता मी असं का केलं ते. सांगण्यासारखं कारण नाही, म्हणूनच सांगतो. आदल्या पोळ्याला मी पहिल्यांदा झडती म्हटली होती. चांगली रचली होती, पण सपाट म्हटली गेली, कोणी हसलं नाही. तेव्हा पुढच्या रांगेतून काकाजी ओरडले, "मास्तर, झडती म्हनून राह्यले का हजेरी घेऊन राह्यले?" त्यावर मात्र सगळं गाव हसलं. वर्षभर शाळेतली पोरं माझ्या पाठीमागं 'हाजर सर' म्हणत होती. आज विचार केला की कळतं, काकाजींना माझी झडती ऐकूच आली नव्हती. त्यांनी फक्त माझं उघडं तोंड आणि लोकांचे सुतकी चेहरे पाहिले आणि अंदाजानं दगड मारला. पण मी ते वर्षभर उगाळत बसलो.

गुरुजी पोळ्याचे ठरलेले झडतीवाले. त्यांची लकब सगळ्यांना पाठ: आधी घसा खाकरायचा, प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द नाकातून लांबवायचा. मी त्यांच्या घरात राहून ती लकब उचलली होती. शाळेत शिक्षकांच्या खोलीत त्यांची नक्कल करून फुकटचा चहा उकळायचो. त्या वर्षी गुरुजींचा घसा बसलेला होता. सकाळीच मला म्हणाले होते, "यंदा मी नाही म्हनत. दुसऱ्यानं म्हनावं." हे मलाच माहीत होतं.

मैदानात बैल सजून उभे. झुली, रंगवलेली शिंगं, घागरमाळांचा आवाज. गुरुजी नेहमीच्या जागी तोरणाखाली, समोरच्या बाजूला काकाजी. मी शेवटच्या रांगेत, एका उंच जोडीच्या मागं. त्या बैलांचा धनी पुढं तोरणाकडं गेलेला. एकदोन झडत्या झाल्या, लोक हसले. ढोल पुन्हा थांबले. मी घसा खाकरला.

"मंडीच्या दारात लिंबाचा पाऽर,
बोली बोलते कानाचा ठाऽर;
बोटं पाहून भाव सांगते,
ढोल बडवा, झोपून राह्यते!
हर बोला हर हर महादेव!"

मग मैदान फुटलं. लोक एकमेकांच्या अंगावर पडून हसत होते, सगळ्यांच्या माना गुरुजींकडं वळलेल्या, बोटं काकाजींकडं. आवाज त्यांचा होता. आवाजाचा धनी समोर उभा होता. मागं कोण पाहतो?

आणि गुरुजींचे ओठ हलत होते. ऐकलेलं घोळवायची ती खोड. काकाजींना झडती ऐकू आली नाही. तेवढ्या लांबून त्यांना दिसलं ते एवढंच की मित्राचे ओठ हलतायत आणि सगळं गाव आपल्याकडं बोट दाखवून हसतंय. घरी गेल्यावर पुतण्यानं समोर बसून एकेक शब्द सांगितला. बोटांची गोष्ट गुरुजींशिवाय कोणाला माहीत होती? काकाजींच्या दृष्टीनं सगळं जुळलं.

एक कबूल करायला हवं. काकाजींचा त्या वेळचा चेहरा मला आजही लख्ख दिसतो: ओठांवर अर्धं हसू, तेच हळूहळू विझत गेलेलं. पण मी बैलांच्या मागं होतो. तिथून तो चेहरा दिसणं शक्यच नव्हतं. तो मी नंतर घरी बसून तयार केला. ऐकलं ते मात्र खरं आहे. एवढ्या हसण्यात एक माणूस 'काय झालं, काय झालं?' असं विचारत होता, आणि तो आवाज काकाजींचा होता.

दुसऱ्या दिवशी गोटमार. सगळं गाव जाम नदीवर, अर्धं या काठाला, अर्धं सावरगावच्या काठाला, एकमेकांवर दगड फेकायला. मी दार लावून खोलीत बसलो. गुरुजीही घरीच होते, पण भिंतीपलीकडून काहीच ऐकू येत नव्हतं. मंडी उघडली त्या दिवशी मी शाळेत अर्धी सुटी टाकून गेलो. का गेलो, ठाऊक नाही. बहुतेक काही झालेलं नाही हे पाहायला.

नेहमीपेक्षा गर्दी होती. लोक संत्री घ्यायला कमी आणि पाहायला जास्त आले होते. आडतवाला स्वतः गादीवरून उठून ढिगाजवळ येऊन उभा. गुरुजी छत्री टेकून आपल्या जागी. एका व्यापाऱ्यानं डोळे मिचकावत दुपट्टा तोंडावर घेतला आणि आतून भाव बोलला.

गुरुजींची बोटं हलली. काकाजींनी पाहिलं नाही.

त्यांनी मान खाली घालून संत्र्याच्या ढिगाकडं पाहिलं आणि तिथंच पाहत राहिले. दुसरा व्यापारी बोलला, तिसरा बोलला. गुरुजींनी छत्री वर केली. मग छत्री टाकून हातच वर केला, बोटं ताठ करून, सगळ्या मंडीला दिसेल असा. लपवायचं आता काही राहिलंच नव्हतं. "वर पाहाय," ते बसलेल्या घशानं ओरडले, "अरे वर पाहाय नं!" हे ओरडणंही फुकट आहे हे त्यांना कळत होतं, तरी ओरडले. काकाजींना फक्त मान वर करायची होती. एवढं केलं असतं तर त्या दिवशीचा लिलाव निभावला असता, कदाचित गावानं तोंड मिटलं असतं. त्यांनी नाही केली. गुरुजींकडं पाहण्यापेक्षा त्यांनी बहिरं ठरणं पत्करलं.

आडतवाला हलकेच म्हणाला, "राहू द्या काकाजी. दुसरा बोलीन." तेही त्यांना ऐकू आलं नाही. खांद्यावर हात ठेवून सांगावं लागलं.

त्यानंतर गुरुजी रोज समोर जायचे. मी खिडकीतून पाहायचो. काकाजी ओट्यावर बसलेले असायचे. गुरुजी पायरी चढले की ते डोळे मिटून घ्यायचे. ऐकू न येणाऱ्या माणसानं डोळे मिटल्यावर त्याच्याशी बोलायचं कसं? गुरुजी थोडा वेळ उभे राहायचे. एकदा त्यांनी काकाजींचा हात धरला. काकाजींनी तो सोडवला, डोळे न उघडता. पोरीनं मध्ये पडून सांगायचा प्रयत्न केला तर म्हणाले, "मी डोयानं पाहिलं हाये. कोणी सांगू नका."

आणि गुरुजी? ज्या माणसाला दूधवाल्याच्या आवाजातलं कालचं भांडण ऐकू यायचं, त्यानं आपल्याच नक्कलेतला माझा आवाज ओळखला नसेल? मी रोज वाट पाहत होतो. सकाळी चहाला बोलावलं की वाटायचं, आज विचारणार. ते शाळेचं विचारायचे, पाण्याचं विचारायचे. एका दुपारी डोळे मिटून म्हणाले, "एखादी झडती म्हना जी. खूप दिवस झाले."

"घसा बरा नाही," मी म्हणालो.

ते "हो," म्हणाले. "ऐकू येऊन राह्यलं." मग डोळे मिटूनच म्हणाले, "त्या दिवशीचा आवाज मी ओयखला. नाव नाही सांगत. मी सांगतलं तं गाव म्हनीन, गुरुजी आपली कातडी वाचवून राह्यला. ज्याचा आवाज त्यानंच सांगाले पाह्यजे. बरोबर का नाही?"

"बरोबर आहे जी," मी म्हणालो.

त्यांनी डोळे उघडून माझ्याकडं पाहिलं. मी कप धुवायला उठलो. त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही, खोली सोडायलाही सांगितलं नाही. भाडं वाढवलं नाही. हे त्यांनी का केलं, ते मला आजही कळत नाही. मीच पुढच्या उन्हाळ्यात सौंसरला बदली मागून घेतली.

गुरुजी वारले तेव्हा मी पांढुर्ण्याला गेलो होतो. समोरचं घर बंद होतं. पोरीचं लग्न मोहगावात झालं होतं, तिनं काकाजींना तिकडंच नेलं होतं. निरोप पोचला होता. ते आले नाहीत. लोक म्हणत होते, "कसे येतीन? झडतीच तशी म्हनली होती गुरुजीनं." मीही त्या लोकांतच उभा होतो.

मागच्या संत्र्याच्या हंगामात मी मोहगावला गेलो. ठरवूनच गेलो होतो. काकाजींनी मला लगेच ओळखलं. "मास्तर! केस पिकले," म्हणाले. आवाज अजून तसाच मंडीभर. पोरीनं चहा आणला. मला वाटलं आता, चहा झाल्यावर. तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "तुमी त्याच्या घरी राह्यत होते. त्यानं असं काहून केलं असंन हो? रोज इचार करतो. माह्या पोरीच्या लग्नाचं कापड त्या पोळ्याच्या आधी त्यानंच पसंत करून ठेवलं होतं." आणि माझ्या तोंडाकडं पाहत राहिले. उत्तर वाचायला.

मी म्हणालो, "मला नाही माहीत."

त्यांनी मान हलवली. जाताना पिशवीभर संत्री दिली. मी ती घेतली.

गुरुजींचं जे होतं ते आता मला फेडता येणार नाही. काकाजी आहेत. सौंसरहून मोहगाव दूर नाही. त्यांच्यासमोर बसून, ते पाहत असताना, ती झडती मी म्हटली होती आणि तुमच्या मित्रानं तोंडातून शब्द काढला नव्हता, हे मला त्यांना सांगायचं आहे. ते मी अजून सांगितलेलं नाही.